देशात ६४ कोटी लोक कामाला, मग माझी ताटं का वाढत नाहीत?

कॅन्टीनवाला महापे

नमस्कार मंडळी. प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, विचारणारा मात्र भटारखान्यातला. बारावी कॉमर्स केलं आणि तेव्हापासून कढईसमोर उभा आहे. नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीत दोन कंपन्यांची कॅन्टीनं माझ्याकडे आहेत, शिवाय रबाळ्याच्या एका लहान युनिटला दुपारचे डबे जातात.

रबाळ्यातच एक मोठा गाळा भाड्याने मिळतोय. तिथे सेंट्रल किचन टाकावं असं डोक्यात आहे. भाताचा स्टीमर, चपातीचं मशीन, टेम्पो, सगळं आलं, म्हणजे कर्जही आलं. मेव्हणा बँकेत आहे. तो म्हणतो, "दाजी, बिनधास्त काढा. रिझर्व्ह बँकेचा आकडा आहे. २०२२-२३ मध्ये देशात ५९.६७ कोटी लोक कामाला होते, २०२३-२४ मध्ये ६४.३३ कोटी. एका वर्षात साडेचार कोटींच्या वर माणसं कामाला लागली. कामाला लागलेला माणूस दुपारी जेवणारच ना?"

ऐकायला झकास वाटतं. पण माझी ताटांची वही वेगळंच सांगते. दुपारची ताटं आहेत तिथेच आहेत. रात्रपाळीची कमी झालीत. गेटवर गर्दी वाढलेली दिसते, पण त्यातली बरीच पोरं कंत्राटी. कंपनी त्यांच्या कुपनचे पैसे भरत नाही, म्हणून ती घरून डबा आणतात नाहीतर बाहेर वडापाव खातात.

तर हा देशाचा एकूण रोजगाराचा आकडा मोजतं कोण आणि कसं? तो वाढला म्हणजे धंदा वाढणार असं धरायचं का? आणि अमेरिकेचा नोकऱ्यांचा आकडा आला की आपला शेअर बाजारसुद्धा वरखाली होतो, मग आपल्या आकड्याने का होत नाही?

राजकारण नको, प्लीज. ते रोज कॅन्टीनमध्ये फुकट ऐकायला मिळतं.

---

कोपरखैरणेकर

सगळे आकडे बोगस. माझ्या मजल्यावर दोन इंजिनिअर पोरं वर्षभर घरी बसून आहेत आणि हे म्हणतात बेरोजगारी ३.२ टक्के. कर्ज काढू नका.

---

दारोदार

दादा, "मोजतं कोण" याचं उत्तर मी देऊ शकते, कारण काही काळ मोजणाऱ्यांत मीच होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं श्रमशक्ती सर्वेक्षण असतं, ज्याला सगळे पीएलएफएस म्हणतात. त्यात कंत्राटावर घरोघरी फिरून माहिती भरायचं काम केलं. घणसोली, तुर्भे, दिघा, कळवा, घोडबंदर रोड, जिकडचा ब्लॉक निवडला जाईल तिकडे. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

आधी कोपरखैरणेकरांना सांगते. तुमच्या मजल्यावरची दोन पोरं नोकरी शोधत असतील तर ती बेरोजगार म्हणूनच नोंदली जातात, लपवत कोणी नाही. पण बेरोजगार ठरायला एक अट आहे: काम नसलं पाहिजे आणि त्याच वेळी माणूस काम शोधत किंवा करायला तयार असला पाहिजे. वर्षभर काम शोधत बसायचं तर मागे आधार लागतो. वडिलांची पेन्शन, स्वतःचं घर, काहीतरी. दिघ्याच्या चाळीतला पोरगा कंपनीतून सुटला की आठवड्यात भाड्याची बाइक घेऊन पार्सल वाटायला लागतो. माझ्या टॅबवर तो "कामात". म्हणून शिकलेल्यांच्या घरात बेकारी जास्त दिसते आणि गरिबाच्या घरात कमी. यात बोगस काही नाही. फक्त ३.२ म्हणजे "बाकी ९६.८ जणांचं बरं चाललंय" असं वाचू नका.

आता ६४ कोटी. एवढी डोकी कोणी मोजलेली नाहीत. सर्वेक्षणातून येतं ते प्रमाण, म्हणजे पंधरा वर्षांवरच्या शंभर माणसांत किती जण काही ना काही कामात आहेत. २०२२-२३ मध्ये ते ५६ होतं, २०२३-२४ मध्ये ५८.२. हे प्रमाण लोकसंख्येच्या अंदाजाला लावलं की कोटी तयार होतात. आणि लोकसंख्येचा अंदाज कुठला? २०११ च्या जनगणनेवरून पुढे नेलेला. पुढची जनगणना २०२७ ची. म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज. मी टक्क्यावर भरवसा ठेवते, कोटींकडे जरा लांबून बघते.

आणि आता जी गोष्ट तुमच्या मेव्हण्याला कोणी सांगितली नसेल ती. आमच्याकडे प्रत्येक माणसाला एक कोड असतो. ११ म्हणजे स्वतःचा धंदा, एकट्याचा. १२ म्हणजे धंद्यात पगारी माणसं ठेवणारा, तुम्ही त्यात. ३१ म्हणजे नियमित पगारदार. ५१ म्हणजे रोजंदारी, नाक्यावर उभे राहणारे. ८१ म्हणजे बेरोजगार. आणि २१ म्हणजे घरच्या धंद्यात किंवा शेतात बिनपगारी हातभार लावणारा. ९२ म्हणजे फक्त घरकाम.

सगळा खेळ २१ आणि ९२ मधला आहे. तुर्भ्याला एका घरी बाईंना विचारलं, "तुम्ही काय काम करता?" "मी कुठे काय करते? घरीच असते." नवऱ्याची गल्लीत भाजीची गाडी. मी विचारलं, सकाळी माल कोण निवडतं? "मीच." मेथीच्या जुड्या? "मीच बांधते." ते दुपारी जेवायला येतात तेव्हा गाडीवर कोण? "तेवढा वेळ मी बसते." आता या बाईला ९२ टाकलं असतं तर देशाच्या हिशेबात ती कामातच नसती. २१ टाकलं की रोजगार एकाने वाढला. गाडी तीच, मेथी तीच, गल्ल्यात एक रुपयाची भर नाही. प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगत, "घरीच असते" या उत्तरावर थांबायचं नाही, खोदून विचारायचं. आणि बरोबरच आहे ते, कारण बाई खरंच राबते.

यातला एक विनोदही ऐका. घरच्या पोटापुरता भात स्वतःच्या शेतात लावला तर ते काम धरलं जातं. तोच भात घरी शिजवला तर नाही. तुम्ही शिजवलात तर पुन्हा काम, कारण तुम्ही विकता. जगभर काम कशाला म्हणायचं याच्या व्याख्या करणारे लोक यावर वर्षानुवर्षं भांडत आलेत.

आता हे आकडे बघा. २०२२-२३ वरून २०२३-२४ मध्ये पुरुषांचं प्रमाण ७६.० वरून ७६.३ झालं. म्हणजे जवळपास जागच्या जागी. बायकांचं ३५.९ वरून ४०.३ वर गेलं. मेव्हण्याच्या साडेचार कोटींतली बरीचशी वाढ इथली आहे. २०२३-२४ मध्ये कामात असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण ३७ जणी कोड २१ मधल्या, म्हणजे बिनपगारी. सगळे कामगार मिळून धरले तर हे प्रमाण २०१७-१८ मध्ये १३.६ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये १९.४ वर गेलं. नियमित पगारदारांचं त्याच काळात २२.८ वरून २१.७ वर आलं. तुमच्याकडे कुपन घेऊन रांगेत उभा राहतो तो हा ३१ कोडवाला. तो तेव्हा शंभरात बावीससुद्धा नव्हता.

मग बायकांची वाढ खरी की नुसती कागदावरची? मला विचाराल तर तीन गोष्टी एकत्र झाल्यात. आधीपासून राबणाऱ्या बायका आता नीट मोजल्या जातायत. घरातल्या एकाच्या कमाईत भागत नाही म्हणून काही जणी हात लावतायत. आणि काही ठिकाणी खरंच नवं काम आलंय, बचत गट, शिवणकाम, दूध. एकच एकूण आकडा हातात घेऊन या तिन्हींचं वजन वेगळं काढता येत नाही. त्यासाठी आतले तक्ते उघडावे लागतात, आणि बातमीत तक्ते नसतात.

एकूण आकडा किती फसवतो याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण कोरोनाचं आहे. वार्षिक बेरोजगारी दर २०१८-१९ मध्ये ५.८, २०१९-२० मध्ये ४.८, २०२०-२१ मध्ये ४.२. हे वर्ष जुलै ते जून असं असायचं. म्हणजे सगळं बंद पडलं त्या दोन वर्षांत बेरोजगारी चक्क कमी! त्याच सर्वेक्षणाचा शहरांपुरता तिमाही आकडा मात्र एप्रिल ते जून २०२० ला वीस टक्क्यांच्या वर गेला होता.

दोन्ही खरे. कारण वार्षिक आकडा विचारतो, गेल्या ३६५ दिवसांत तुम्ही बहुतेक काळ काय करत होता? शिवाय जोडकाम म्हणून तीस दिवस काही केलं असेल तरी तुम्ही कामात. तिमाही आकडा विचारतो, गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम केलंत का? लॉकडाऊनमध्ये घणसोलीचा रिक्षावाला रिक्षा उभी करून साताऱ्याला गेला. एप्रिलमध्ये तो बेकार होता. पुढे भावाच्या शेतात सोयाबीन पेरायला लागला, वर्षाच्या हिशेबात कामात आला. देशाच्या एकूण कामगारांत शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, दोन वर्षांत ४६.५ झाला, आणि २०२३-२४ मध्येही तो ४६.१ होता. देश पुढे जातो तसा हा वाटा कमी व्हायचा असतो. इथे एकूण रोजगार वाढला आणि माणसं शेतावर परत गेली, दोन्ही एकाच वेळी.

अमेरिकेसारख्या देशात मंदी आली की माणूस नोकरीवरून निघतो, बेकारभत्ता घेतो, एकूण रोजगाराचा आकडा खाली येतो आणि सगळ्यांना कळतं. आपल्याकडे तो आकड्याबाहेर पडतच नाही. एका कोडवरून दुसऱ्यावर सरकतो. म्हणून आपला एकूण आकडा वाईट दिवसांतही वाढू शकतो.

---

पीएफवाला वागळे इस्टेट

ताईंनी घराच्या बाजूने सांगितलं, मी कंपनीच्या बाजूने सांगतो. लहान कंपन्यांचे पीएफ, ईएसआयचे चलान भरायचं माझं काम, वागळे इस्टेटमध्ये.

दर महिन्याला बातमी येते, "ईपीएफओत (म्हणजे पीएफ संघटनेत) अमुक लाख नवे सदस्य". हे आकडे एप्रिल २०१८ पासून जाहीर होतात, सप्टेंबर २०१७ पासूनचे. लोक सरळ "अमुक लाख नवीन नोकऱ्या" म्हणून फॉरवर्ड करतात. थांबा. पीएफ वीस किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला लागतो. माझ्याकडचं एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप घ्या. कितीतरी वर्षं तीच माणसं. दोघं नवे घेतले, वीस झाले, सगळ्यांचे नंबर काढले. पीएफच्या हिशेबात वीस नवे सदस्य, खरी भर दोघांची. (आणि एकोणिसावर थांबणारे मालक किती आहेत ते विचारू नका, माझं पोट त्यांच्यावरही चालतं.)

दुसरं, मूळ पगार पंधरा हजारांच्या वर असेल आणि आधी कधी पीएफ नसेल तर सदस्य व्हायची सक्ती नाही. पंधरा हजारांची ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. त्यामुळे बऱ्या पगाराचे काही लोक यात येतच नाहीत. आणि नोकरी सोडल्याची तारीख कंपनी उशिरा टाकते, कधी टाकतच नाही. म्हणून मागच्या महिन्यांचे आकडे नंतर बदलत राहतात. ताजा आकडा कायम कच्चा समजा, सहा-आठ महिन्यांनी तोच पुन्हा बघा.

तरीसुद्धा पगारी नोकरीचा वास घ्यायचा असेल तर मी ६४ कोटीपेक्षा हाच बघीन. विशेषतः १८ ते २५ वयाचे पहिल्यांदा आलेले किती. तो वर्ग तुमच्या कॅन्टीनचा.

---

शुक्रवारची संध्याकाळ

अमेरिकेचं मी सांगतो. ऐरोलीला आयटीत आहे, क्लायंट तिकडचे, आणि थोडं ट्रेडिंग करतो (थोडं म्हणजे बायकोला सांगण्यापुरतं थोडं).

तिकडचं श्रम आकडेवारी ब्युरो साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी साडेआठला पत्रक काढतं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात. त्यात दोन वेगळी सर्वेक्षणं असतात. एक घरांचं, साधारण ६०,००० घरं, ताई करायच्या तसं. त्यातून बेरोजगारीचा दर येतो. दुसरं आस्थापनांचं, सव्वा लाखाच्या आसपास कंपन्या आणि सरकारी कार्यालयं. त्यांना विचारतात, बारा तारीख ज्या पगाराच्या काळात येते त्यात किती जणांचा पगार निघाला? बाजार उड्या मारतो तो या दुसऱ्यावर. त्यात शेती नाही, स्वतःचा धंदा करणारे नाहीत, घरकामाला ठेवलेली माणसं नाहीत. आणि एक माणूस दोन ठिकाणी नोकरी करत असेल तर तो दोनदा मोजला जातो, कारण मोजतायत पगार, माणसं नव्हे.

कॅन्टीनवाले, तुमची वही म्हणजे हेच दुसरं सर्वेक्षण आहे. ताई घरांत जाऊन माणसं मोजत होत्या, तुम्ही कंपनीत बसून हजेरी मोजताय. दोन्ही जुळायलाच पाहिजेत असं नाही, तिकडेही महिनोन्महिने जुळत नाहीत.

बाजार का हलतो? तिकडच्या मध्यवर्ती बँकेला कायद्यानेच दोन कामं दिलीत, महागाई आवरणं आणि रोजगार जास्तीत जास्त ठेवणं. नोकऱ्या कमी निघाल्या की व्याजदर उतरायची आशा, मग कधी कधी वाईट आकड्यावर बाजार वर! आपल्या रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून कायद्याने ४ टक्के महागाईचं लक्ष्य आहे, वाढीकडे बघत बघत. रोजगाराचं वेगळं लक्ष्य नाही. शिवाय आपला अख्ख्या देशाचा आकडा आत्ताआत्तापर्यंत वर्षातून एकदा यायचा, तोही वर्ष संपून काही महिने गेल्यावर. शिळ्या आकड्यावर कोण सौदा करणार?

पण तिकडचा आकडाही डोळे मिटून घ्यायचा नाही. १ ऑगस्ट २०२५ चं पत्रक आठवतंय. जुलैच्या नोकऱ्या ७३,००० निघाल्या, आणि त्याचबरोबर मे आणि जूनचे आधीचे आकडे मिळून २,५८,००० ने खाली आणले. मी त्या दोन महिन्यांच्या भरवशावर पोझिशन घेऊन बसलो होतो, असो. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ब्युरोच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना पदावरून काढलं. खरं तर अशी दुरुस्ती तिथे नेहमीच होते. कंपन्या उत्तरं उशिरा पाठवतात, ती आली की आकडा बदलतो. वर्षातून एकदा बेकारी विम्याच्या करनोंदींशी ताळा घालतात तेव्हा आणखी मोठी दुरुस्ती होते.

आता तुमच्या कामाचं. "रात्रपाळीची ताटं कमी झालीत" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. रोजगाराचा एकूण आकडा चालू परिस्थिती दाखवतो, बेरोजगारीचा दर तर मागून चालत येतो. ऑर्डर घटली म्हणून कंपनी लगेच माणसं काढत नाही. आधी ओव्हरटाइम बंद, मग जादा पाळी बंद, मग कंत्राटी कमी, शेवटी कायमवाले. म्हणून तिकडे पुढचा अंदाज बांधणाऱ्या निर्देशांकात कारखान्यातले आठवड्याचे सरासरी तास धरतात, माणसांची संख्या धरत नाहीत. तुमच्या रात्रीच्या ताटांत तेच तास दिसतायत.

---

कॅन्टीनवाला महापे

बाप रे. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, ती मेथीची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग माझा कोड कुठला?" कॅन्टीनचा सगळा हिशेब तीच ठेवते, पगार घेत नाही. २१ ना?

रात्रपाळीचं सांगतो. एका कंपनीत दुसरी लाइन आठवड्यातून चारच रात्री चालते आता. माणसं काढलेली नाहीत, जनरल शिफ्टला घेतलीत. म्हणून दुपारची ताटं टिकून आहेत. म्हणजे शुक्रवारसाहेब म्हणतात तसंच.

आता एकच. ठाणे जिल्ह्याचा किंवा नवी मुंबईचा वेगळा आकडा मिळतो का? देशाचा घेऊन मी काय करू, मला रबाळ्यात डबे विकायचेत.

---

दारोदार

वहिनींना २१ हाच कोड. आणि पुढच्या वेळी कोणी टॅब घेऊन आलं तर "मी घरीच असते" म्हणू नका म्हणावं.

जिल्ह्याचं सांगते. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची पद्धत बदलली आहे. नमुना आधी वर्षाला लाखभर घरांचा होता, आता पावणेतीन लाखांच्या आसपास आहे, आणि निवडलेल्या घरात लागोपाठ चार महिने जातात. त्यामुळे आता महिन्याचा आकडा निघतो. पहिला एप्रिल २०२५ चा आला, बेरोजगारी ५.१ टक्के. तो बघून "३.२ वरून ५.१, बेकारी वाढली" असे मेसेज फिरले. ५.१ हा सात दिवसांवाला आहे, ३.२ हा वर्षावाला. दोन वेगळे प्रश्न विचारून आलेली उत्तरं वजा करत बसायची नाहीत. पण हा महिन्याचा आकडा अख्ख्या देशाचा असतो. एका महिन्यात रबाळे-महापे पट्ट्यातली जी थोडी घरं नमुन्यात येतील त्यावरून तिथला आकडा सांगणं म्हणजे एका घासावरून अख्ख्या टोपाचं मीठ ठरवण्यापेक्षाही वाईट, कारण टोप तुम्ही ढवळलेला तरी असतो.

आणि एक आतली गोष्ट. चाळीत आणि गावठाणात लोक बसवून घेतात, चहा देतात, सगळं सांगतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गेटवरूनच परत. "मॅडम सेक्रेटरीची परवानगी आणा." सेक्रेटरी दुबईला. नियमाप्रमाणे पुन्हा पुन्हा जायचं, शेवटी बदली घर घ्यायचं. म्हणून पगाराचे, उत्पन्नाचे तक्ते वाचताना मी मनात ठेवते की बंद दारामागचे लोक कोण होते.

तुमच्या कर्जासाठी देशाच्या आकड्यांतून एवढंच घ्या: २०१७-१८ ते २०२३-२४ मध्ये एकूण रोजगार वाढला हे खरं, पण त्यातला नियमित पगाराचा वाटा वाढला नाही, आणि दुपारी कॅन्टीनमध्ये बसतो तो पगारवालाच. बाकी रबाळ्याचं रबाळ्यातच विचारावं लागेल.

---

कोपरखैरणेकर

ताई, बोगस शब्द मागे. पण मजल्यावरची पोरं अजून घरीच आहेत. त्यातला एक आता यूपीएससी करतो म्हणतो. त्याला काय धरणार?

---

दारोदार

कुठलंही काम शोधत नसेल, मिळालं तरी करायला तयार नसेल, नुसता अभ्यास करत असेल, तर बेरोजगार नाही. श्रमशक्तीतच नाही. कॉलेजात नाव घातलं असेल तर विद्यार्थी, कोड ९१. त्याने शोधणं थांबवलं त्या दिवशी बेरोजगारीचा दर केसभर खाली आला.

---

पीएफवाला वागळे इस्टेट

कॅन्टीनवाले, जाता जाता एक, जे तुमच्या गाळ्याला ६४ कोटींपेक्षा जास्त उपयोगी पडेल. जुन्या कारखाना कायद्यात अडीचशेच्या वर कामगार असतील तरच कॅन्टीनची सक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात ही संख्या शंभर आहे, आणि कंत्राटी कामगार धरून शंभर. प्रत्यक्षात अंमल राज्याच्या नियमांवर आहे, ते वाचूनच पुढचं पाऊल टाका. पण रबाळे-महापेत शंभर ते अडीचशेमधली युनिटं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांच्या एचआरकडे एक चक्कर मारा. मोजताना गेटबाहेर वडापाव खाणाऱ्या पोरांनाही धरा, कायदा आता त्यांना धरतो.

आणि सेंट्रल किचनचा स्टाफ विसावर गेला की मला आधी कळवा. कंपनीच्या आवारातली तुमची माणसं तशीही कंपनीच्या पीएफखाली येऊ शकतात, तेही तपासावं लागेल.

---

कॅन्टीनवाला महापे

शंभरचं मला माहीतच नव्हतं! उद्याच रबाळ्याला दोन-तीन ठिकाणी जाऊन येतो. मशीनचं कोटेशन सध्या थांबवतोय, आधी एचआरवाल्यांकडून कंत्राटी धरून माणसांची यादी घेतो. स्टाफ सध्या सतरा आहे साहेब, हिशेबवाली सोडून.